ऑपरेशनआधीचं ताट

कॅन्सरच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात धावपळ सुरू होते. पैशांची जुळवाजुळव, रजा, रक्तदाते, रात्री दवाखान्यात कोण थांबणार, गावाकडची जनावरं कोण बघणार. या सगळ्या गडबडीत ज्याचं ऑपरेशन व्हायचं आहे, तो माणूस दोन घास खाऊन ताट बाजूला सारतो. 'टेन्शन आहे, जेवण जात नाही,' असं म्हणून घरातलेही तो विषय सोडून देतात. आज मला त्या बाजूला सारलेल्या ताटाबद्दल बोलायचं आहे. कारण तारीख हातात पडल्यापासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंतचे जे दिवस असतात, ते उपचारांचेच दिवस असतात.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला तशी जुनीच ठाऊक आहे. १९३६ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे सर्जन हायरम स्टडली यांनी जठराच्या अल्सरच्या ऑपरेशनांचा हिशेब मांडला. ऑपरेशनच्या आधी ज्यांचं वजन २० टक्क्यांहून जास्त उतरलं होतं, त्यांच्यापैकी तिघांत एक दगावला होता. ज्यांचं वजन तेवढं उतरलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात तीन-चार इतकंच होतं. तो आजार कॅन्सर नव्हता आणि तेव्हा पेनिसिलिनही हाताशी नव्हतं. आज मृत्यूचं प्रमाण पुष्कळ खाली आलं आहे. पण जखम लवकर न भरणं, टाके उसवणं, पू होणं, न्यूमोनिया होणं, या गोष्टी खंगलेल्या रुग्णांत आजही जास्त दिसतात.

असं का होतं? ऑपरेशन म्हणजे शरीराच्या दृष्टीने मोठा घाव. तो भरून काढायला प्रथिनं लागतात. चरबीचा साठा शरीर करून ठेवतं, पण प्रथिनांचं असं कोठार त्याच्याजवळ नसतं. मग ते स्नायू मोडून प्रथिनं मिळवतं. स्नायू आधीच झिजलेले असले, तर उठून बसायची ताकद राहत नाही, नीट खोकता येत नाही, कफ छातीत साचतो.

म्हणून पहिली गोष्ट वजनकाटा. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. सहा महिन्यांपूर्वी ६० किलोचा असलेला माणूस आज ५४ किलोवर आला असेल, तर त्याचं १० टक्के वजन गेलं. हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. 'मुळात जाडच होते, थोडे उतरले तर बरंच झालं,' असं समाधान करून घेऊ नका. जाड माणसाचेही स्नायूच झिजत असतात. रुग्ण फारच खंगलेला असेल, तर मोठ्या ऑपरेशनआधी एक ते दोन आठवडे पोषण द्यावं आणि त्यासाठी ऑपरेशन थोडं पुढे ढकलावं लागलं तरी चालेल, असं युरोपातल्या 'एस्पेन' या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. अर्थात हा निर्णय सर्जननेच घ्यायचा. घरच्यांनी तारीख पुढे ढकलू नये.

खायचं किती? किलोमागे दिवसाला साधारण २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. दोन पेले दूध, १३ ग्रॅम. दोन अंडी, १२. दोन वाट्या घट्ट वरण, १२. चार पोळ्या, १२. मूठभर शेंगदाणे, ७. वाटीभर दही, ४. झाले ६०. अंडी चालत नसतील तर तेवढीच प्रथिनं ६०-७० ग्रॅम पनीरमधून मिळतात. आता आपण आजाऱ्याला प्रेमाने काय देतो ते बघा: पेज, शहाळं, डाळिंबाचा रस, मारी बिस्किटं. हे सगळं मिळून दिवसाला दहा ग्रॅमही होत नाही. महागडे डबे मी यादीत धरलेले नाहीत. जेवण फारच कमी जात असेल तर त्यांचा उपयोग होतो, पण आधी दूध-डाळीचा हिशेब पुरा करा. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

उपचारांसाठी परगावी आलेल्यांची अडचण वेगळी असते. परळच्या टाटा रुग्णालयात येणारी कितीतरी माणसं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, कुणी भाड्याच्या खोलीत राहतात. शेगडी पेटवायची सोय प्रत्येकाला नसते. अशा वेळी फुटाणे, शेंगदाणे-गूळ, केळी, उकडलेली अंडी, पिशवीतलं दूध तापवून मिळालं तर ते, एवढ्यावरही बरंच भागतं.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये मात्र चावताच येत नाही. तंबाखू-गुटख्याने काहींचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. त्यांना घट्ट मुगाचं वरण आणि भात मिक्सरमधून काढून, वर तूप घालून द्या. दुधात दोन-तीन चमचे दुधाची पावडर मिसळली की पेला तेवढाच राहतो, पण प्रथिनं वाढतात. तिखट आणि आंबट टाळा, झोंबतं. एवढंही जात नसेल तर डॉक्टर ऑपरेशनआधीच नाकातून नळी घालतात. मात्र आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलेलं नसेल, तर घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. अशा शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट झपाट्याने उतरतं आणि हृदयाला धोका होतो. तिथे दवाखान्यात हळूहळूच वाढवावं लागतं.

आता एक भीती. 'साखर खाल्ली की गाठ वाढते, म्हणून आम्ही गोड, भात, दूध सगळं बंद केलंय,' हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. कॅन्सरच्या पेशी साखर भराभर वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं, ते खरं आहे. पण तोंडाने साखर बंद केली म्हणून गाठीची साखर बंद होत नाही. रक्तातली साखर टिकवायला शरीर आपलेच स्नायू मोडतं. म्हणजे गाठ उपाशी राहत नाही, माणूस राहतो.

उपासांचंही तसंच. ऑपरेशन नीट पार पडावं म्हणून रुग्णच सोमवार किंवा चतुर्थी धरतो. श्रद्धेबद्दल मी काही म्हणणार नाही. फक्त एवढं सुचवते, की तो उपास घरातल्या धडधाकट माणसाने करावा.

ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं ठेवावं लागतं, पण आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही नको, ही रीत आता मागे पडली आहे. एरवी घन आहार सहा तास आधीपर्यंत आणि पाण्यासारखे पातळ पदार्थ दोन तास आधीपर्यंत चालतात. जठर लवकर रिकामं होत नसेल तर नियम बदलतात, तेव्हा भूलतज्ज्ञ सांगतील तेच धरा.

ऑपरेशननंतर तोंडाच्या रुग्णाला काही दिवस नाकातल्या नळीतून अन्न देतात, आणि बहुतेकदा नळीसकट घरी पाठवतात. इथे घरच्यांची खरी कसोटी असते. अन्न मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने गाळा, ते कोमट असू द्या. रुग्णाला उशांना टेकून बसवा आणि नंतरही अर्धा-पाऊण तास आडवं होऊ देऊ नका. एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर, दर दोन-अडीच तासांनी, हळूहळू. आधी आणि नंतर थोडं पाणी सोडा, नाहीतर नळी तुंबते. सकाळी केलेलं संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवू नका. आणि नुसतं डाळीचं वरचं पाणी देऊ नका, खालची डाळ वाटून घाला! नळी निसटली तर घरी परत सारायची नाही. थेट दवाखाना गाठायचा.

जठर काढलेल्यांचं गणित उलटं असतं. त्यांना सरबत, गोड दूध असे पातळ गोड पदार्थ सोसत नाहीत. ते वेगाने आतड्यात उतरतात आणि घाम, धडधड, जुलाब सुरू होतात. त्यांनी दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खावं आणि पाणी जेवणाबरोबर न घेता मधल्या वेळी प्यावं. पूर्ण जठर काढलं असेल तर बी-१२ बाहेरून, बहुधा इंजेक्शनने, जन्मभर घ्यावं लागतं.

तोंडाच्या बऱ्याच रुग्णांना ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्याच्या आत रेडिएशन सुरू होतं. त्यासाठी चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा बनवतात, डोकं हलू नये म्हणून. मधल्या काळात वजन घसरलं की गाल बसतात आणि मुखवटा सैल होतो. मग तो नव्याने करावा लागतो, किरणांची आखणीही पुन्हा करावी लागू शकते. तेव्हा टाके निघाले तरी वजनाची वही बंद करू नका. रेडिएशनच्या पहिल्या दिवशी ती बरोबर न्या आणि डॉक्टरांपुढे उघडून ठेवा.