उताणी पोथी

मणिकर्णिका घाटावरून उत्तरेकडे चालू लागलं की काशी मराठी होऊ लागते, निदान नावांपुरती. मणिकर्णिकेची पक्की बांधणी अहिल्याबाई होळकरांची. तिला खेटून बायजाबाई शिंद्यांचा १८३० चा शिंदे घाट आणि पाण्यात कललेलं रत्नेश्वराचं देऊळ. पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, मग रामघाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. पण पायऱ्या ही दर्शनी बाजू झाली. दक्षिणी पंडितांचा खरा संसार मागच्या गल्ल्यांत होता, आणि त्या संसारात भांड्यांपेक्षा पोथ्या जास्त होत्या.

पैठणचे रामेश्वर भट्ट सोळाव्या शतकात इथे आले. त्यांचा मुलगा नारायण भट्ट ‘त्रिस्थलीसेतु’चा कर्ता. नारायण भट्टांचा नातू कमलाकर याने १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. तिथी दोन दिवसांत विभागली गेली की आजही पंचांगकर्ते तो उघडतात. कमलाकराचे पुतणे म्हणजे गागाभट्ट, १६७४ च्या राज्याभिषेकाचे. कोपरगावच्या नीलकंठ चतुर्धरांनी सगळ्या महाभारतावरची टीका याच गावात लिहिली. आणि गोदाकाठचे कवींद्राचार्य सरस्वती: शहाजहानकडून काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर माफ करवून आणणारे संन्यासी. फ्रेंच प्रवासी बर्निये काशीत आला तेव्हा त्याने इथे संस्कृत ग्रंथांनी भरलेलं एक मोठं दालन पाहिल्याचं लिहिलं आहे. कवींद्राचार्यांच्या संग्रहाची यादी १९२१ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापली गेली. तीत दोन हजारांवर नोंदी आहेत. यादी आहे, संग्रह मात्र फुटला; त्यांच्या मालकीची नोंद असलेली पोथी कधी बिकानेरच्या अनुप ग्रंथालयात भेटते, कधी काशीतच.

काशीत म्हणजे बहुधा सरस्वती भवनात. जोनाथन डंकनने १७९१ मध्ये स्थापलेल्या संस्कृत कॉलेजचं हे ग्रंथालय. आज ते कॉलेज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय आहे. सध्याची इमारत १९१४ ची, आणि हस्तलिखितं लाखाच्या आसपास. गोपीनाथ कविराजांनी इथे ग्रंथपालाचं काम केलं, महामहोपाध्याय नारायणशास्त्री खिस्ते इथलेच. त्या आधी याच कॉलेजात पुण्याचे बापूदेव शास्त्री गणित-ज्योतिष शिकवत होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला हिंदू विश्वविद्यालयाचं सयाजीराव गायकवाड ग्रंथालय आहे. त्याचा पाया १९१७ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलाने दिलेल्या पुस्तकांचा. १९४१ ची इमारत सयाजीरावांच्या देणगीची, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाचा गोल घुमट डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली.

इतक्या मराठी हातांनी जमवलेलं हे धन वाचायला पुण्या-नागपूरचा अभ्यासक येतो तेव्हा त्याच्या पिशवीत हल्ली एक घडीचा दांडा असतो. टोकाला कॅमेरा, खाली काळी चटई, बाजूला एक वायर. दुकानात याला डॉक्युमेंट कॅमेरा म्हणतात. मुळात हे वर्गातलं उपकरण, शिक्षकाच्या हातातलं पान पडद्यावर मोठं करून दाखवणारं. कोरोनाच्या काळात ते घराघरांत पोचलं. ग्रंथालयात ते रमलं याचं कारण पोथीच्या अंगातच आहे.

फ्लॅटबेड स्कॅनरला पान पालथं लागतं. काचेवर तोंड खाली, वरून झाकण, शक्य तर थोडा दाब. बांधीव पुस्तकाचा कणा त्यात मोडतो, आणि सुट्या पानांच्या पोथीत प्रत्येक पान दोनदा उलटावं लागतं. तीनशे वर्षांच्या कागदाचा कोपरा असा किती वेळा धरायचा? वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला पोथी उताणी चालते. वाचक मांडी घालून चौरंगावर जशी ठेवतो तशीच ती पडून राहते, आणि यंत्र वाचकाच्या डोळ्यांच्या जागी येतं. एवढी एक गोष्ट या यंत्राला जमली, बाकीचं माणसाने करायचं असतं.

आधी हिशेब. साधारण १६ मेगापिक्सेलचा सेन्सर म्हणजे ४६०८ गुणिले ३४५६ ठिपके. ए-४ आकाराचं पान चौकटभर बसवलं तर इंचाला ३९० च्या आसपास ठिपके मिळतात. ए-३ घेतलं की आकडा २८० वर येतो. हस्तलिखितासाठी ३०० च्या खाली उतरू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. फूटभर लांब पोथीचं पान त्यात आरामात बसतं. पण एका चौकटीत चार पानं मांडून वेळ वाचवणाऱ्याने मोठं करून बघावं: रेफ आणि अनुस्वार एकमेकांत विरघळलेले दिसतील, आणि पाठभेद नेमके तिथेच असतात.

मग उजेड. जुना कागद लेखणी चालावी म्हणून घोटलेला असतो, त्याला झिलई असते. कॅमेऱ्याच्या शेजारचाच दिवा लावला की पानाच्या मधोमध पांढरा डाग पडतो आणि दोन-तीन ओळी जातात. तो दिवा बंद करून दोन्ही बाजूंनी तिरके, पंचेचाळीस अंशांत दोन दिवे लावायचे. कसरीने खाल्लेल्या पानाखाली कोरा कागद सरकवायचा, नाहीतर भोकांतून खालच्या पानावरची अक्षरं डोकावतात आणि घरी गेल्यावर एक चमत्कारिक नवा शब्द सापडतो. पान बाजूने नव्हे, खालून वर उलटायचं; पोथी तशीच लिहिलेली असते. पान उलटलेलं ओळखून आपोआप फोटो काढणारी सोय बांधीव पुस्तकासाठी बेतलेली असल्याने इथे गोंधळते. त्यापेक्षा पायाखालचं बटण बरं. हात पोथीसाठी मोकळे राहतात.

माझी खरी तक्रार यंत्राच्या हुशारीबद्दल आहे. डॉक्युमेंट कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर कार्यालयातल्या कागदांवर वाढलं आहे. त्याला वाटतं पान पांढरं असावं, अक्षर काळं असावं, कडा सरळ असाव्यात आणि बाकी सगळा कचरा. पोथीत तो कचराच अर्धा मजकूर असतो. लेखकाने चुकीच्या अक्षरावर हरताळ लावलेली असते: पिवळ्या लेपाखाली जुनं अक्षर, वर नवं. श्लोकाच्या आकड्यांवर गेरूचा हात फिरवलेला असतो. कागद पांढरा करण्याचं बटण दाबलं की हरताळ कागदाच्या पिवळेपणाबरोबर पुसली जाते. दोनच रंगांत प्रत काढली तर गेरू काळा होतो आणि आकडा त्याच्याखाली गडप. कडा आपोआप छाटल्या की समासातलं ग्रंथाचं संक्षिप्त नाव जातं, पत्रांक जातो, एखाद्या वाचकाने बारीक हातात लिहिलेली टीप जाते. नीलकंठांसारख्या टीकाकाराने वेगवेगळ्या प्रांतांतल्या प्रती समोर ठेवून पाठ निवडले; त्यांच्या मागच्या पिढ्यांनी अशाच समासांत आपापले खटके लिहून ठेवले असणार. ते छाटून अभ्यासकाच्या हाती जे उरतं ते स्वच्छ असतं, उपयोगाचं फारसं नसतं.

ही हानी काही नवी नाही. मायक्रोफिल्मनेही रंग घालवलाच. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने सरस्वती भवनातल्या आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या पोथ्यांच्या फिल्म केल्या; १९७० पासून नेपाळात जर्मन मदतीने दीड लाखावर हस्तलिखितांची फिल्म झाली. ते काम प्रचंड आहे, आणि त्याच्याशिवाय आजचं निम्मं संशोधन झालं नसतं. पण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर हरताळ शोधणं म्हणजे काळोखात हळद शोधणं. त्या काळी दुसरा उपाय नव्हता. आता रंगीत सेन्सर हाताशी असताना बटण दाबून पुन्हा तोच तोटा ओढवून घ्यायला काय म्हणावं?

म्हणून छाटणी बंद, पांढरं करणं बंद, फोटोत आलेलं बोट पुसणं बंद. पान चारी बाजूंनी काळ्या चटईवर दिसलं पाहिजे, शेजारी सेंटिमीटरची पट्टी आणि रंगांची पट्टी. सफाई करायचीच तर दुसऱ्या प्रतीवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

नाव देणं हे सगळ्यांत कंटाळवाणं काम, आणि सगळ्यांत जास्त चुका तिथेच होतात. पोथीत पत्रांक बहुधा पानाच्या पाठीवर असतो, पुढच्या अंगावर नाही. हे न कळलेला माणूस आकडा दिसला की नवं पान सुरू झालं असं धरतो, आणि शेवटपर्यंत सगळं एका अंगाने सरकतं. काही पोथ्यांत सदतीस आकडा दोनदा पडलेला असतो, काहींत पन्नासनंतर एकदम बावन्न. लेखक चुकला की पान हरवलं हे पोथी समोर असतानाच बघून लिहायला हवं. फोटोवरून ते ठरत नाही. एकाच बासनात तीन ग्रंथ बांधलेले असतील तर तीन फोल्डर, आणि ते एकत्र बांधलेले होते याची नोंद चौथ्या फोल्डरात. इंटरनेटवर लाखो भारतीय पुस्तकं उपलब्ध झाली, स्कॅन करणाऱ्या ई-गंगोत्रीची ओळ तळाशी असलेली पानं आपण रोज वाचतो, आणि त्याबद्दल कृतज्ञच असावं. पण शीर्षक एक आणि आत ग्रंथ दुसरा, हा अनुभव नसलेला अभ्यासक मला अजून भेटायचा आहे.

जुने लेखक शेवटच्या पानावर एक ठरावीक विनवणी करत: पाठ, कंबर, मान मोडून, खाली मान घालून लिहिलंय, तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून सांभाळा. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून कागद उतरवून घेत, १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला तो अशा उतरवण्यातूनच. भांडारकरची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली, तीही शेकडो पोथ्यांशी हाताने मेळ घालून. उतरवताना माणूस वाचत होता. कॅमेऱ्याने दिवसात शेकडो पानं होतात आणि एकही वाचलेलं नसतं. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ पासून होतंच, २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ जाहीर होऊन एक कोटीवर हस्तलिखितांचा आकडा पुढे आला. एवढ्या पोथ्यांना कॅमेरे पुरतील. पत्रांक कुठल्या अंगावर असतो हे ठाऊक असलेली माणसं पुरतील का, ही शंका आहे. जागेचाही भरवसा नाही. १३ डिसेंबर २०२१ ला खुल्या झालेल्या विश्वनाथ कॉरिडॉरसाठी जी बांधकामं गेली त्यांत १८७२ ची कारमायकेल लायब्ररीही होती.

आणि घाटावर परत यायचं तर एक संग्रह असा आहे की जो कुठल्याच ग्रंथालयात नाही: तीर्थपुरोहितांच्या वह्या. मणिकर्णिकेवर अंत्यविधी झाला, पिंडदान झालं, की पुरोहित गाव आणि आडनाव विचारून वही काढतो आणि येणाऱ्याच्या हाताने नोंद करवून घेतो. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांकडे असते तीच ही नामावळी. हरिद्वारच्या बह्यांची मायक्रोफिल्म यूटाच्या वंशावळी संस्थेने १९७७ पासून केली. जमिनीच्या दाव्यांत या वह्या पुरावा म्हणून गेल्या आहेत. या लांबट वह्यांना फ्लॅटबेड उपयोगाचा नाही. वरच्या कॅमेऱ्यालाही समजा दोन फुटांचं पान दिलं तर इंचाला १९२ ठिपकेच मिळतील, म्हणजे दोन तुकड्यांत फोटो घेऊन जोडणं आलं.

पण अडचण ठिपक्यांची नाही. वही हे पुरोहिताचं उत्पन्न आहे. ती भावाभावांत वाटली जाते, यजमान तिच्यामुळे दारी येतो. उद्या पणजोबांची सही सोलापुरात बसून फोनवर दिसली तर काशीला कशाला यायचं, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि ‘संस्कृतीचं जतन’ असं मोठ्याने म्हणून तो सुटत नाही. मला विचाराल तर फोटो काढावेत, प्रत पुरोहिताच्याच कपाटात राहावी, गावांची आणि आडनावांची फक्त सूची बाहेर जावी. पान बघायचं असेल त्याने घाटावर यावं, दक्षिणा द्यावी आणि खाली आपलं नाव लिहावं.