हलक्या बंदुकीचे मोल

कोलकात्याच्या विमानतळाला आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव असले, तरी लोकांच्या तोंडी तो डमडमचा विमानतळच राहिला आहे. डमडम हे नाव ‘दमदमा’ या शब्दावरून आले असावे, असे मानतात. दमदमा म्हणजे तोफा चढविण्यासाठी रचलेला मातीचा उंचवटा. मराठीतही हा शब्द त्याच अर्थाने आहे. १७८३ पासून १८५३ पर्यंत बंगालच्या तोफखान्याचे मुख्य ठाणे येथे होते आणि १८४६ मध्ये येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पायदळाच्या शिपायाने खांद्यावर किती वजन वाहावे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे धागेदोरे या एका गावात एकमेकांत गुंतलेले आहेत.

बंदुकीचे वजन मुख्यतः तिच्या नळीत असते. म्हणून बंदूक हलकी करावयाची म्हटली, की कारागिराचा हात प्रथम नळीकडे जातो. त्याच्यापुढे तीन वाटा असतात: नळीचे भोक लहान करणे, नळीची लांबी कमी करणे, किंवा तिची जाडी तासून काढणे. तिन्ही वाटा चोखाळून झालेल्या आहेत आणि प्रत्येकीचे मोल निरनिराळे आहे.

पहिली वाट भोक लहान करण्याची. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचे तोंड सुमारे पाऊण इंचाचे असे. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीत ते ०.५७७ इंचावर आले आणि नळीच्या आत पीळ दिलेल्या चऱ्या कोरल्या गेल्या. गोळी त्या चऱ्यांत फिरत बाहेर पडे, म्हणून तिचा नेम दूरवर टिके. परंतु तोंडाकडून ठासावयाची ही गोळी नळीत सहज सरकावी म्हणून काडतुसाच्या टोकाला वंगण लावावे लागे. या नव्या रायफलीचे शिक्षण ज्या ठाण्यांवर सुरू झाले, त्यांत डमडम होते. १८५७ च्या जानेवारीत तेथील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाजवळ लोटाभर पाणी मागितले. शिपायाने विटाळाचे कारण सांगून ते नाकारले. तेव्हा, गाईडुकरांची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडावी लागल्यावर तुमची जात कोठे राहील, असे त्या खलाशाने सुनावले. ती वार्ता बराकपूरला पोहोचली आणि पुढे काय घडले, ते सर्वांना ठाऊक आहे. त्या उठावाची कारणे फार खोल होती. तथापि ठिणगी पडली ती नळी आणि गोळी यांच्यामधल्या केसभर फटीत.

भोक लहान होण्याची ही क्रिया तेथे थांबली नाही. १८७१ मध्ये आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी ०.४५ इंच जाडीची, ४८० ग्रेन म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम वजनाची होती. १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीने एकदम ०.३०३ इंचावर उडी घेतली. तिची गोळी २१५ ग्रेन, म्हणजे निम्म्याहूनही हलकी. धूर न करणारी कॉर्डाइट दारू आल्यावर हीच गोळी सेकंदाला सुमारे २,००० फूट वेगाने जाऊ लागली. शिपायाला तेवढ्याच ओझ्यात अधिक काडतुसे नेता येऊ लागली आणि खांद्याला बसणारा दणकाही सौम्य झाला. मात्र कॉर्डाइटची आच इतकी प्रखर होती, की मेटफर्डच्या उथळ चऱ्या लवकर झिजू लागल्या. म्हणून १८९५ पासून चौकोनी कडांच्या चऱ्या कोरल्या जाऊ लागल्या आणि रायफलीचे नाव ली-एन्फील्ड झाले.

दुसरी वाट लांबीची. १९०३ मध्ये ली-एन्फील्डची नळी ३०.२ इंचांवरून २५.२ इंचांवर आणण्यात आली आणि वजन सुमारे एक पौंडाने घटले. घोडेस्वार आणि पायदळ या दोघांना एकच बंदूक पुरेशी झाली. नळी आखूड करण्यात एक लाभ सहसा ध्यानात येत नाही. गोळी सुटताना नळी वेताच्या छडीसारखी थरथरते. जाडी तीच ठेवून लांबी कमी केली, तर ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. या हिशेबाने पाच इंचांच्या कपातीने तो सुमारे पावणेदोनपट होतो. याचे मोल द्यावे लागते ते गोळीच्या वेगात आणि तोंडाशी उठणाऱ्या जाळात व आवाजात.

तिसरी वाट तासण्याची, आणि सर्वांत फसवी तीच. दांड्याचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. आतल्या पोकळीचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तर व्यास एक दशांशाने कमी केल्यावर वजन सुमारे एक पंचमांशाने घटते, परंतु ताठपणा एक तृतीयांशाहून अधिक घटतो. शिवाय धातू कमी म्हणजे उष्णता साठविण्याची जागा कमी. बारीक नळी चार-दोन फैरींतच तापते, आणि धातूत कोठे ताण राहिला असेल तर तापल्यावर ती किंचित वळते. म्हणून जाणता कारागीर नळी सर्वत्र सारखी तासत नाही. काडतूस पेटते तेथे दाब सर्वाधिक असतो. तेथील जाडीला तो हात लावीत नाही. तोंडाकडे दाब उतरत जातो, म्हणून तेथे तासता येते. टोकाकडचा धातू काढल्याने बंदूक हाताला अधिकच हलकी लागते, कारण लांबवर टांगलेला भार हातापाशी धरलेल्या तेवढ्याच भाराहून जड वाटतो. १९०३ च्या रायफलीत नळी तोंडापर्यंत लाकडात बसविली होती आणि पुढच्या टोकाशी तिला स्प्रिंगवरच्या लहानशा खुंटीचा आधार दिला होता, तो याच थरथरीसाठी.

हा विवेक सुटला म्हणजे काय होते, याचे उदाहरण १९४४ सालचे आहे. जंगलातील लढाईसाठी ली-एन्फील्डची एक आखूड आवृत्ती काढण्यात आली. तिची नळी सुमारे पावणेएकोणीस इंचांची. नळीच्या मुळाशी आणि बंदुकीच्या धडावरही जागोजाग धातू कोरून काढलेला. वजन नेहमीच्या रायफलीहून सुमारे दोन पौंड कमी, म्हणजे सात पौंडांच्या आसपास. चिखलातून आणि वेळूच्या बेटांतून चालणाऱ्या शिपायाला हे दोन पौंड म्हणजे केवढा दिलासा! परंतु काडतूस तेच होते. धक्क्याचा आवेग तोच राहून बंदूक एक पंचमांशाने हलकी झाली, तर खांद्यावर आदळणारी ऊर्जा एक चतुर्थांशाने वाढते. दस्त्याला लावलेली अरुंद रबरी पट्टी तो दणका शमवीना. त्याहून वाईट म्हणजे आज साधलेला नेम उद्या सरकलेला असे. या दोषाच्या कारणाविषयी जाणकारांत आजही एकमत नाही. पण १९४७ मध्ये या बंदुकीचे उत्पादन थांबले, हे खरे.

डमडमच्या उत्तरेस, बराकपूरच्या पलीकडे हुगळीच्या काठी ईशापूर आहे. तेथील रायफल कारखान्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ली-एन्फील्ड घडविली होती. १९६२ च्या युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी बंदूक तातडीने हवी झाली, तेव्हा या कारखान्याने जुनाच आराखडा हाती घेतला. नव्या काडतुसाचा दाब जुन्याहून अधिक होता. तो पेलण्यासाठी बंदूक जाड करून वजन वाढविण्याऐवजी तेथे अधिक बळकट पोलाद वापरण्यात आले. साचा जुना, पोलाद नवे. हलकेपणाचा सर्वांत प्रामाणिक मार्ग हाच होय: धातू काढण्याआधी तो सुधारावा.

आता पुन्हा डमडमकडे वळले पाहिजे, कारण हलक्या नळीचे सर्वांत भारी मोल तेथेच ठरले. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर तक्रारी येऊ लागल्या, की ०.३०३ ची कठीण वेष्टनाची गोळी शरीरातून आरपार जाते आणि धावून येणारा शत्रू थांबत नाही. तेव्हा डमडमच्या कारखान्याचे प्रमुख कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरील वेष्टन किंचित आखूड करून आतले शिसे उघडे ठेवले. देहात शिरताच ते पसरे आणि भयंकर जखम करी. गोळी हलकी केल्याने जे गेले, ते दुसऱ्याच्या देहावर असे वसूल करण्यात आले. १८९९ मध्ये हेग येथील परिषदेने अशा पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणारा जाहीरनामा काढला. ब्रिटनने त्याला विरोध केला आणि १९०७ पर्यंत तो मान्य केला नाही. पुढे १९१० मध्ये आलेल्या गोळीचे वेष्टन पूर्ण होते; मात्र तिच्या टोकात शिशाऐवजी हलके अ‍ॅल्युमिनियम भरलेले असल्याने देहात शिरल्यावर ती कोलांटत असे. अक्षर पाळले गेले. आशय मात्र निसटला.

वजनाचा हा हिशेब सावकाराच्या वहीसारखा आहे. एका पानावरून खोडलेली रक्कम दुसऱ्या पानावर निघते: कधी खांद्याच्या वेदनेत, कधी सरकलेल्या नेमात, तर कधी एखाद्या अनोळखी माणसाच्या जखमेत. खरा कारागीर ती वही शेवटच्या पानापर्यंत वाचतो. डमडम हे नाव जगाच्या कोशांत आज एका निषिद्ध गोळीचे नाव म्हणून उरले आहे; ते पान न वाचल्याची ही खूण होय.