रापणीतला वाटा आणि समुद्राचा हिशेब

मालवण, देवबाग, आचरा, वेंगुर्ला या पट्ट्यात रापण अजून ओढली जाते. जाळं सोडत होडी आत जाते, मोठा अर्धगोल वळसा घालून पुन्हा किनाऱ्याला लागते, आणि मग दोन्ही टोकांना माणसं जुंपतात. म्हातारे असतात, शाळा सुटलेली पोरं असतात, मुंबईहून सुट्टीला आलेला एखादा चाकरमानीही हात लावतो. मासळीचा लिलाव तिथेच वाळूवर होतो आणि घेणाऱ्यांत गावातल्या मासेविक्रेत्या बायका पुढे असतात. आलेल्या पैशातून जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या हातांचा वाटा निघतो. रापण फक्त किनाऱ्याजवळ आलेला मासा पकडते, आणि एका जाळ्यावर कितीतरी चुली पेटतात.

‘निळी अर्थव्यवस्था’ हा शब्द सरकारी कागदांवर आता सर्रास दिसतो. मासा शिल्लक ठेवायचा, मिळकत गावात ठेवायची आणि ती अनेकांत वाटायची, हाच त्याचा गाभा असेल, तर रापण संघ हे काम पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. सिंधुदुर्गाच्या १२१ किलोमीटरच्या किनाऱ्यासाठी योजना आखणाऱ्यांनी सुरुवात इथून करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

कारण रापणकराचं पोट मारलं ते त्याच्या मागासलेपणाने नव्हे. बांगडा आणि तारली थव्याने फिरतात. पर्ससीन जाळं त्या अख्ख्या थव्याभोवती टाकतात आणि बटव्याची नाडी आवळावी तसा त्याचा तळ आवळतात. थवा किनाऱ्याकडे येण्याआधीच संपतो. त्यात एलईडी दिव्यांची भर पडली. रात्री पाण्यावर झगझगीत उजेड पाडला की लहानमोठा सगळाच मासा उजेडाकडे धावतो. पर्ससीन मासेमारीची व्याप्ती तपासायला राज्य सरकारने समिती नेमली आणि तिच्या अहवालावरून फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर कडक निर्बंध आले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. १९८१ च्या राज्याच्या मासेमारी कायद्यातही २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड वाढला. म्हणजे नियमांची कमतरता नाही. तरीही पारंपरिक मच्छीमारांना वारंवार रस्त्यावर उतरावं लागतं, कारण भर समुद्रात रात्री गस्त घालणाऱ्या नौका अपुऱ्या पडतात. अंमलबजावणीविना नियम हा प्रामाणिक माणसालाच होणारा दंड असतो.

पिल्लंही ओढून नेणाऱ्या ट्रॉलरच्या बाबतीत उपाय फार साधा आहे. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत नेहमीची शंकरपाळ्याच्या आकाराची आस (जाळ्याचं भोक) असेल, तर ओढ बसली की भोकं मिटतात आणि पिल्लंही अडकतात. आस चौकोनी असली की ती उघडी राहते आणि पिल्लू निसटतं. सिंधुदुर्गात ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसेचा प्रसार झाला, पण आजचं थोडं नुकसान सोसायला प्रत्येकजण तयार होत नाही. शेजारच्या ट्रॉलरने तीच आस लावली तरच ते नुकसान सोसण्यात अर्थ आहे, हे ओघानं आलंच.

संरक्षण वरून लादलं तर काय होतं, हेही मालवणने पाहिलं आहे. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं सुमारे २९ चौरस किलोमीटरचं क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. इथलं प्रवाळ आणि समुद्री शेवाळ खरोखरच जपण्याजोगं आहे. पण ज्यांच्या दारातला समुद्र, त्यांना त्यात आपल्या पोटावरचा पाय दिसला आणि विरोध वर्षानुवर्षं धुमसत राहिला.

याउलट वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत जा. तिथल्या स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्ही त्यांच्याच हाती. जमिनीतून वर डोकावणारी श्वसनमुळं, झाडावर असतानाच रुजून शेंगेसारखं लोंबणारं बी, चिखलात बिळं करणारे खेकडे, हे त्या स्वतःच्या अनुभवातून सांगतात. याच झाडांच्या मुळांत कोळंबीची आणि माशांची पिल्लं वाढतात, त्यामुळे जपलेलं कांदळवन सफरीचेही पैसे देतं आणि जाळ्यालाही मासा देतं. कांदळवन राखलं तर घरात पैसा येतो, हे दिसल्यावर राखणदार वेगळा नेमावा लागत नाही.

शिनाण्यांची, म्हणजे शिंपल्यांची, शेती मला सर्वांत आश्वासक वाटते. बारीक शिनाणे दोरीभोवती ठेवून वर सुती कापड गुंडाळायचं आणि दोरी तराफ्याला टांगून खाडीत सोडायची. काही दिवसांत कापड कुजून जातं, तोवर शिनाण्यांनी आपल्या चिवट धाग्यांनी दोरी पकडलेली असते. त्यांना खाद्य लागत नाही, पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून ते वाढतात. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, म्हणून त्याआधी दोऱ्या काढून घ्यायच्या. २०१७ च्या राज्याच्या कांदळवन उपजीविका योजनेत अशा कामांसाठी गटाला ९० टक्के अनुदान मिळतं.

खेकडापालनालाही तीच योजना लागू आहे, मात्र त्याबाबत थोडं सबुरीने घ्यावं. कात टाकलेला खेकडा मऊ असतो आणि दुसरे खेकडे त्याला खाऊन टाकतात. आकाराप्रमाणे वेगळं करणं, लपायला नळ्या-कौलं ठेवणं, सगळं हाताने करावं लागतं. खेकड्याचं बीज तमिळनाडूतल्या उबवणी केंद्रावरून आणावं लागलं. बियाणंच लांबचं असेल तर धंदा गावाचा होत नाही. कोकणात उबवणी केंद्रं हवीत, शीतगृहं आणि बर्फ हवा, आणि त्यांची मालकी मच्छीमार सोसायट्यांकडे व महिलांच्या गटांकडे हवी.

आता वाचकांना विनंती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, मासा अंड्यावर असतो. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. १३५ मिलिमीटरहून लहान पापलेट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. तारकर्ली-देवबागला गेलात तर स्थानिक घरात उतरा, पाण्यात प्रवाळावर पाय ठेवू नका, आणि मासे वाळूवर लिलाव घेणाऱ्या बाईकडूनच घ्या.