मटणाचा ओंडका: टाकावा की तासावा?

मधोमध खोलगट झालेला ओंडका फेकून प्लॅस्टिकची फळी घ्या, हा सल्ला नंदुरबारच्या मटणविक्रेत्याला मी देणार नाही. आडव्या कापलेल्या चिंचेच्या खोडात तंतू उभे असतात. सुरा त्यांच्यामधून शिरतो, म्हणून धार टिकते. दोष लाकडाचा नाही, रक्त-पाणी साचवणाऱ्या खळग्याचा आहे. तासणीने उंच कडा खळग्याच्या तळापर्यंत उतरवल्या, काळपट थर जाऊन स्वच्छ लाकूड लागेपर्यंत रंधा मारला, कढत पाण्याने धुऊन ओंडका सावलीत सुकवला, की तो पुन्हा कामाचा होतो. उन्हात ठेवला तर तडकतो.

लाकूड जंतू शोषते, हा आक्षेप खराच आहे, आणि तो हलका मानता येत नाही. पण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर यांनी १९९०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत लाकडात मुरलेले जंतू मरत गेले. चरे पडलेल्या प्लॅस्टिकवर मात्र ते हाताने धुऊनही उरले. म्हणून रोजची घासणी चुकवून चालते असे नव्हे. आणि भेग किंवा कुज गाभ्यापर्यंत गेली असेल, तर ओंडका बदलायलाच हवा.