हकीकत तीच, निदान वेगळं

मंडळी, मागच्या वेळी आपण निदान कसं होतं ते पाहिलं. आज त्याच्याच पुढचा प्रश्न घेऊ. लक्षणं तीच ठेवली आणि केसपेपरवर फक्त पुरुषाच्या जागी बाई केली, तर निदान बदलेल का? बदलू नये असं आपल्याला वाटतं. पण बदलतं.

1989 साली अमेरिकेत फोर्ड आणि विडिगर यांनी हे तपासलं. मानसशास्त्रज्ञांना रुग्णांच्या लेखी हकीकती दिल्या. मजकूर एकच, कुठे रुग्ण पुरुष, कुठे स्त्री. नियम मोडणारं, बेफिकीर वागणं लिहिलेलं असूनही रुग्ण स्त्री असली की समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचं निदान कमी व्हायचं, आणि नाटकी व्यक्तिमत्त्वाचा शिक्का बसायचा. यातली खरी गंमत पुढे आहे. एकेक लक्षण सुटं देऊन 'हे कितपत लागू पडतं?' असं विचारलं, तेव्हा हा भेद दिसला नाही. म्हणजे चूक लक्षण ओळखण्यात नव्हती, सगळं मिळून एक नाव देण्यात होती.

मग हा दोष पुरुष डॉक्टरांचा का? तसंही नाही. 1970 साली ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी 79 तज्ज्ञांना निरोगी पुरुष, निरोगी स्त्री आणि निरोगी प्रौढ माणूस कसा असतो ते विचारलं. निरोगी माणसाचं वर्णन निरोगी पुरुषाशी जुळलं, स्त्रीशी नाही. आणि यात स्त्री-पुरुष तज्ज्ञांचं एकमत होतं!

आता मुलांकडे येऊ. लिओ कॅनर यांनी 1943 साली स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यात 11 मुलं होती, पैकी 8 मुलगे. पुढेही चित्र मुलग्यांवरूनच रंगत गेलं. बऱ्याच मुली मात्र मैत्रिणींचं बघून बोलणं-हसणं उचलतात, आतली दमछाक झाकतात. शाळेत 'शांत आहे, लाजाळू आहे' म्हणून विषय संपतो. मदत मिळायची वर्षं तशीच निघून जातात.

पुरुषांचंही नुकसान होतंच. उदास बाई रडते, ते आपल्याला कळतं. उदास पुरुष चिडतो, पितो, रात्री उशिरापर्यंत बाहेर राहतो. त्याला आपण 'तापट' म्हणतो. 2021 साली भारतात 1,64,033 आत्महत्यांची नोंद झाली, त्यात 72 टक्क्यांहून अधिक पुरुष होते. आत्महत्येमागे एकच कारण नसतं हे खरं. पण न ओळखलेलं नैराश्य त्यातलं एक नक्कीच असतं.

मग आपण काय करायचं? दवाखान्यात जाताना 'टेन्शन आहे' एवढंच सांगू नये. झोप, भूक, चिडचिड, थकवा कधीपासून आहे ते कागदावर लिहून न्यावं. बाईचा थकवा 'मनाचा' ठरवण्याआधी रक्ताची आणि थायरॉईडची तपासणी झाली का, ते विचारावं. आणि डॉक्टरांना नम्रपणे विचारावं, 'हे निदान कोणत्या लक्षणांवरून केलंत?' चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट एकेक लक्षण पुन्हा तपासलं जातं, आणि भेद कमी होण्याची जागा तीच आहे, हे आपण आत्ता पाहिलं.

तातडीची गरज वाटली तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.