देऊळ फिरले, पण नियम कधी फिरला?

नकोशा विचारांचा इतिहास : लेखांक ७

मागच्या लेखांकात फ्रान्समधल्या नांतच्या राजाज्ञेची हकिकत पाहिली. चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये प्रोटेस्टंट प्रजेला आपल्या पद्धतीने उपासना करण्याची मुभा दिली आणि त्याचाच नातू चौदावा लुई याने १६८५ मध्ये ती काढून घेतली. सुमारे दोन लाख माणसांना देश सोडावा लागला. ऐंशीहून अधिक वर्षे जे सवयीचे झाले होते ते एका फर्मानाने संपले, कारण ते मुळात राजाच्या मर्जीवर उभे होते. मर्जीने मिळालेली मोकळीक आणि हक्काने मिळालेली जागा यांत नेमका फरक काय, हा प्रश्न तिथे उरला होता. त्याचे उत्तर आपल्याच भूमीत शोधता येते. हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नामदेवांचे नरसी आहे आणि त्याच जिल्ह्यात ज्योतिर्लिंग म्हणून पूजले जाणारे औंढा नागनाथ. या दोन गावांशी जोडलेल्या परंपरेत सहिष्णुतेचा जवळजवळ सगळा प्रश्न सामावलेला आहे. या लेखांकाचे म्हणणे असे की, नकोसा विचार मोठ्यांच्या उदारतेवर फार काळ जगत नाही. त्याला स्वतःची जागा लागते : बसायला सभा, टिकायला ग्रंथ आणि हात उगारला गेला तर आडवा येणारा कायदा.

औंढ्याची कथा मराठवाड्यात लहान मुलालाही ठाऊक असते. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत होते, पुजाऱ्यांनी त्यांना उठवले, ते देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. नंदी देवासमोर नसून मागे आहे, हा त्याचा पुरावा म्हणून आजही भाविकांना दाखवला जातो. यावर पहिला आक्षेप सहज येतो : ही दंतकथा आहे, तिच्यावर इतिहास कसा उभारायचा? देऊळ फिरले की नाही, हा इथे प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो नामदेवांना उठवले गेले की नाही, हा. त्याची साक्ष शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांच्या नावावर असलेल्या एका पदात मिळते. आपण हसत-खेळत देवळात आलो, भक्ती करीत असताना धरून उठवले गेलो, हीन जातीत जन्म का दिला असे देवाला विचारत कांबळे घेऊन मागे जाऊन बसलो, असे त्यात सांगितले आहे. पदात गावाचे नाव नाही. औंढ्याशी ते परंपरेने जोडले. पण जातीने शिंपी असलेल्या एका भक्ताचा अपमान, त्याची जागा आणि त्याचे कारण या तिन्ही गोष्टी त्यात स्पष्ट आहेत. चमत्कारावर विश्वास न ठेवणाऱ्याही वाचकाला एवढे मान्य करावे लागेल की, पिढ्यान्‌पिढ्या समाजाने ही गोष्ट उठवणाऱ्यांच्या बाजूने सांगितली नाही, उठवल्या गेलेल्याच्या बाजूने सांगितली. ती जपली जाणे ही स्वतःच इतिहासातली एक घटना आहे.

त्याच औंढ्याच्या परंपरेत विसोबा खेचरांची कथाही आहे. गुरूच्या शोधात निघालेल्या नामदेवांना विसोबा देवळात शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. पाय बाजूला करायला सांगितल्यावर विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे तूच ते उचलून ठेव. तशी जागा काही नामदेवांना सापडली नाही. देव एका मूर्तीत मावत नाही, हा विचार मूर्तिपूजेच्या स्थानी उभे राहून सांगणे याहून अडचणीचे मत कोणते असेल? तरीही ही कथा देवस्थानाच्या शत्रूंनी बाहेरून लादलेली नाही. देवस्थानाच्या भोवतीच ती श्रद्धेने सांगितली जाते. आपली परंपरा मुळातच सहिष्णू आहे, असे म्हणणाऱ्यांना इथे भक्कम आधार मिळतो आणि तो नाकारण्याचे कारण नाही. नकोसा विचार ऐकण्याची, तो कथेत गुंफून पुढच्या पिढीला देण्याची ताकद या समाजात होती. मात्र ऐकून घेणे एका टोकाला आहे आणि दार उघडणे दुसऱ्या टोकाला. नामदेवांच्या पदात चमत्कार एका भक्तापुरता होतो. देऊळ त्याच्याकडे वळते, पण त्याच्यासारख्या इतरांसाठी उद्यापासून नियम बदलला, असे पद सांगत नाही.

नामदेवांचे शब्द मग टिकले कसे? एक वाट वारकऱ्यांच्या कीर्तनाची आणि दिंडीची. कीर्तनाला गाभाऱ्याची गरज नव्हती. वाळवंट पुरत होते, पार पुरत होता, रस्ता पुरत होता. देवळात ज्यांना अधिकार नव्हता त्यांनी देवळाबाहेर स्वतःची सभा उभी केली आणि त्या सभेत शिंपी, माळी, सोनार, कुंभार, महार आणि दासी अशा सगळ्यांनी रचना केल्या. दुसरी वाट ग्रंथाची. पंजाबात, नरसीपासून शेकडो कोस दूर, गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांच्या शेजारी कबीर आहेत, रविदास आहेत आणि शेख फरीदही आहेत. धर्माच्या मुख्य ग्रंथातच दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या प्रांताच्या आणि दुसऱ्या धर्माच्या माणसांचे शब्द गुरूंच्या शब्दांसोबत ठेवणे ही जगाच्या धर्मेतिहासात दुर्मीळ गोष्ट आहे. युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांचे ग्रंथ जाळत होते, तोच हा काळ. पण ज्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला त्या गुरू अर्जनदेवांना दोनच वर्षांनी, १६०६ मध्ये, लाहोरात जहांगिराच्या राजवटीत प्राण गमवावे लागले. मनाचा मोठेपणा हातात तलवार नसताना किती असुरक्षित असतो, हे त्या मृत्यूने दाखवले. ग्रंथ उरला, कारण त्याला सांभाळणारा समाज उभा राहिला होता. २०१५ मध्ये पंजाबातल्या, नामदेवांच्या स्मृतीशी जोडलेल्या घुमान येथे मराठी साहित्य संमेलन भरू शकले, ते या जपणुकीमुळेच.

नुसता आदर किती पुरतो, हे पाहायचे तर पंढरपूरकडे वळावे लागते. नामदेवांचे समकालीन महार संत चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुराला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधवली, असे परंपरा सांगते. चोखोबांचे अभंग वारीत गायले जात राहिले. त्यांच्या समाधीला लाखो वारकरी नमस्कार करीत राहिले. आणि चोखोबांच्या जातीतला माणूस शतकानुशतके त्या समाधीपाशीच थांबत राहिला. संताला वंदन करून संताच्या म्हणण्याला दाराबाहेर ठेवण्याची ही रीत फार सोयीची असते. तिच्यात कोणाला आपण निर्दय आहोत असे वाटत नाही, आणि बदलावेही काही लागत नाही. ती मोडण्यासाठी साने गुरुजींना १ मे १९४७ रोजी पंढरपुरात आमरण उपोषणाला बसावे लागले. १० मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले. त्याआधी गुरुजींनी महिनोन्‌महिने गावोगाव फिरून लोकमत तयार केले होते. अभंगांनी जमीन तयार केली हे खरे, पण अभंगांवरच सोडले असते तर आणखी किती काळ जावा लागला असता, याचे उत्तर मागच्या सहाशे वर्षांनी दिलेले आहे.

त्या वेळी हिंगोलीचा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि तिथे प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने अन्य धर्मीयांच्या संस्थांना देणग्या दिल्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्याने साहाय्य केले. तिथल्या अतिथिगृहाला त्याचे नाव आहे. हे नाकारून त्याला केवळ काळ्या रंगात रंगवणे इतिहासाला धरून होणार नाही. पण त्याच राज्यात गश्ती निशाण ५३ या सरकारी आदेशामुळे परवानगीवाचून सभा घेता येत नव्हती. १९३८ मध्ये वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतल्या अनेकांना शिक्षणासाठी नागपूरची वाट धरावी लागली. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. धार्मिक स्वातंत्र्याच्या मागणीसाठी आर्य समाजाला सत्याग्रह करावा लागला. ग्रंथाला देणगी आणि सभेला बंदी या दोन्ही गोष्टी एकाच हाताने होऊ शकल्या, कारण दोन्ही मर्जीच्या होत्या. ज्याला देणगी मिळाली तो कृतज्ञ राहिला; ज्याला हक्क हवा होता तो तुरुंगात गेला. नांतच्या राजाज्ञेचा धडा मराठवाड्याने आपल्या अंगावर असा अनुभवला.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर हा मुलूख भारतात आला आणि २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना लागू झाली. घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता रद्द केली. २५ व्या अनुच्छेदाने धर्म पाळण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आणि हिंदूंची सार्वजनिक धर्मस्थळे सर्व वर्गांना खुली करणारा कायदा करण्याची मुभा राज्याला दिली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षीचा मंदिरप्रवेशाचा कायदा महाराष्ट्राला वारशाने मिळाला. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांच्या प्रवेशाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला तेव्हा साठ वर्षांपूर्वीचा हाच कायदा आधाराला आला. हक्काची जागा ही अशी असते. एका गटाने एका कारणासाठी मिळवलेली ती पुढे दुसऱ्या गटाच्या, ज्याचा त्या वेळी कोणी विचारही केला नसेल त्याच्या, कामी येते. चमत्कार एका भक्तापुरता होतो, कायदा नाव विचारत नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कायद्याने मन बदलत नाही. उलट लादलेल्या गोष्टीमुळे कटुता वाढते. त्याचे उदाहरण म्हणून नामांतराकडे बोट दाखवले जाते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांना त्याची मोठी झळ बसली, आणि आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीचाच भाग होता. नामदेवांच्या कथेवर वाढलेल्या प्रदेशात हे घडले, ही गोष्ट झाकून सहिष्णुतेचा इतिहास लिहिता येणार नाही. पण त्या आगीने सिद्ध काय केले? ठराव करणे चूक होते, हे की ज्यांना ठराव नको होता त्यांच्यातल्या काहींना दुसऱ्याच्या मताला हिंसेने उत्तर देणे शक्य वाटत होते, हे? नामांतराला विरोध करण्याचा अधिकार प्रत्येकाला होता. सभा घेता येत होती, मोर्चा काढता येत होता, लेख लिहिता येत होता. झोपडी पेटवण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. आंदोलक सोळा वर्षे थांबले, लढले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. दोन्ही नावे राहिली. कोणालाही सगळे मिळाले नाही. आज त्या नावाच्या पदव्या सर्व जातींच्या घरांत भिंतीवर लागलेल्या आहेत. मन आधी बदलले नाही. आधी नाव आले, मग सवय आली, आणि सवयीतून मन निदान वळण्याच्या वाटेला लागले.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. सगळेच विचार सहन करायचे तर दुसऱ्याचे माणूसपण नाकारणारा विचारही सहन करायचा का? औंढ्याच्या प्रसंगातच याची रेषा सापडते. देवळासमोर शिंप्याने कीर्तन करू नये, असे पुजाऱ्याला वाटत होते. ते मत चूक होते, पण ते बाळगण्याबद्दल आणि बोलून दाखवण्याबद्दल त्याला कोणी हात लावू नये. त्याने नामदेवांना धरून उठवले, तिथे रेषा ओलांडली गेली. मताला मताने उत्तर आणि हाताला कायद्याने. हा नियम नामदेवांना जितका वाचवतो तितकाच पुजाऱ्यालाही वाचवतो, आणि म्हणूनच तो न्याय्य आहे. तो न पाळला गेल्याची किंमत महाराष्ट्राने अलीकडेच मोजली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यांच्या म्हणण्याशी असहमत असलेल्या हजारो श्रद्धावान माणसांनी कधी त्यांच्यावर बोट उचलले नव्हते, आणि तेच खरे सहिष्णू होते. सहिष्णुतेसाठी श्रद्धा सोडावी लागत नाही, पटलेले नसतानाही पटल्यासारखे दाखवावे लागत नाही. दुसऱ्याचे म्हणणे चूक आहे असे ठामपणे मानून त्याला ते म्हणू देणे एवढेच ती मागते. आणि एवढे करायलाही समाजाला शतके लागतात.

म्हणून नरसी आणि औंढ्याच्या वारशाचा अभिमान बाळगताना त्याच्याकडे दोन गोष्टींसाठी पाहावे. उठवल्या गेलेल्याची बाजू विसरायची नाही, हा संस्कार त्याने दिला. तो मोठा आहे, आणि कायदा तो कधीच देऊ शकणार नाही. पण पुढच्या नामदेवाला चमत्काराची वाट पाहावी लागू नये, ही जबाबदारी कथेने पार पाडलेली नाही. ती आपल्यावर आहे : ग्रामसभेत, शाळेत, यात्रेच्या पंचकमिटीत, जिथे जिथे एकटा माणूस उठून सगळ्यांना न रुचणारे काही बोलतो तिथे. त्याचे म्हणणे मान्य झाले का, हे विचारण्याआधी त्याला पूर्ण बोलू दिले का, हे विचारावे. पुढच्या लेखांकात महानुभाव पंथाकडे वळू. आपले ग्रंथ वाचवण्यासाठी या पंथाने सांकेतिक लिप्या वापरल्या, आणि त्या लिप्यांआड मराठीतले आरंभीचे थोर गद्य शतकानुशतके सर्वसामान्य वाचकांपासून दूर राहिले. नकोशा ठरलेल्या विचाराला लपावे लागले की नुकसान त्याचे एकट्याचे होत नाही, साऱ्या भाषेचे होते, हे त्यातून पाहता येईल.