ग्लुकोज : मिठाला वाट दाखवणारी साखर

ग्लुकोज म्हणजे प्रयोगशाळेतली पांढरी पूड. पाण्यात चटकन विरघळते, आपल्या साखरेहून कमी गोड लागते, आणि शरीराचं रोजचं इंधन तेच. पण आज त्याच्या दुसऱ्या कामाबद्दल बोलू.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, सलाईन संपत आलं होतं. कोलकात्याच्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असं द्रावण पाजायला लावलं. पाजणारे बहुतेक नातेवाईकच! मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

असं का झालं? कॉलऱ्यात नुसतं मीठपाणी अंगी लागत नाही. पण आतड्याच्या पेशींना एक दार असतं, तिथून ग्लुकोजचा एक रेणू सोडियमचे दोन आयन सोबत घेऊन आत जातो आणि मागोमाग पाणीही जातं. कॉलऱ्यातही हे दार चालू राहतं.

मात्र गोडी वाढवली, तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून २००२ पासून ओआरएसमध्ये ग्लुकोज लिटरला १३.५ ग्रॅमच असतं. तेव्हा पुडी लिटरची असेल तर पाणी मोजून लिटरभरच घ्या, वरून साखर नको.